यादीत आलेलं विमान नकाशावर का नसतं?

हातात मावणाऱ्या संगणकावर आसपास उडणाऱ्या विमानांचा थेट नकाशा पहिल्यांदा सुरू केला की बहुतेकांना एकच शंका येते. बाजूच्या यादीत विमान आलंय, उंचीही दिसतेय, पण नकाशावर त्याचा पत्ता नाही. मग अँटेना बदलते, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं जातं. अनेकदा दोष दोघांचाही नसतो. याचं उत्तर एका फार देखण्या गणितात आहे.

आधी जुळणी उरकू. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक आणि रेडिओ संदेश पकडणारा आरटीएल २८३२ यू चिपचा यूएसबी डोंगल पुरतो. डोंगल मुळात टीव्हीसाठी बनलेला. लिनक्सही त्याला टीव्ही ट्यूनर समजून ताब्यात घेतं, म्हणून तो टीव्हीचा ड्रायव्हर आधी ब्लॅकलिस्ट करायचा, म्हणजे आपोआप सुरू होऊ द्यायचा नाही. मग विमानांचे संदेश उलगडणारं डंप१०९० चालवायचं. रेडिस डेटाबेस लिहिणाऱ्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांचा हा प्रोग्राम; आता त्याच्या सुधारित आवृत्त्याही मिळतात. नकाशा ब्राउझरमध्ये उघडतो.

यात रडार नाही, उपग्रहावरून कोणी पाहतही नाही. विमान जीपीएसवरून स्वतःची जागा काढतं आणि १०९० मेगाहर्ट्झवर ती सगळ्यांना सांगत राहतं. एक संदेश ११२ बिटांचा. त्यातले २४ बिट विमानाच्या ओळखक्रमांकाला आणि २४ चूक पकडायला जातात. उंची आणि इतर माहिती वजा जाता अक्षांशाला १७ आणि रेखांशाला १७ बिट उरतात.

पृथ्वीभर ५ मीटरपर्यंत अचूक अक्षांश सांगायला २२ बिट लागतील. मग १७ मध्ये कसं भागतं? इथे वर्नियर कॅलिपर आठवा. किंचित वेगळ्या मापाच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की जे एकीला सांगता येत नाही, ते दोघी मिळून सांगतात. विमान तेच करतं. ‘सम’ संदेशात ते ३६० अंशांचे ६० पट्टे पाडतं, ‘विषम’ संदेशात ५९. कितव्या पट्ट्यात आहोत हे ते सांगतच नाही. पट्ट्याचा किती भाग ओलांडला, एवढंच सांगतं. सम पट्टा ६ अंशांचा, म्हणजे सुमारे ६६७ किलोमीटर. १७ बिटांनी त्याचे १,३१,०७२ तुकडे होतात, एक तुकडा ५ मीटरच्या आसपास.

समजा विमान २० अंश उत्तरेवर आहे. २० ला ६ ने भागलं की ३.३३३ येतात, संदेशात जातो फक्त ०.३३३. विषम पट्टा ६.१०१७ अंशांचा, तिथून जातो ०.२७७८. आता पहिल्याला ५९ ने गुणा, दुसऱ्याला ६० ने. १९.६६७ वजा १६.६६७, बरोबर ३! न सांगितलेला पट्टा सापडला. ३ मध्ये ०.३३३ मिळवून ६ ने गुणा: २० अंश. हे पहिल्यांदा कागदावर सोडवलं तेव्हा मी ते पुन्हा दोनदा करून पाहिलं, इतका आनंद झाला.

रेखांशाचं गणित याहून गुंतागुंतीचं आहे. ध्रुवाकडे रेखावृत्तं जवळ येतात, म्हणून पट्ट्यांची संख्या अक्षांशानुसार घटते. विषुववृत्तावर सम ५९ आणि विषम ५८, २० अंशांवर ५६ आणि ५५. दोन संदेशांच्या मधल्या वेळात विमानाने पट्ट्यांची संख्या बदलणारी हद्द ओलांडली तर ती जोडी टाकून द्यावी लागते.

आता ती शंका सुटते. उंची एकाच संदेशात पूर्ण असते. जागेसाठी काही सेकंदांच्या आत आलेली सम-विषम जोडी लागते. सिग्नल क्षीण असेल तर एक सापडतो, दुसरा हुकतो. यावर सोपा उपाय म्हणजे सेटिंगमध्ये स्वतःचे अक्षांश-रेखांश भरणं. विमान सुमारे ३३० किलोमीटरच्या आत असेल तर पट्टा आपल्या जागेवरूनच ठरतो, एकच संदेश पुरतो.

आणखी एक. नकाशावरून विमान नाहीसं झालं की समाजमाध्यमांवर अपघाताच्या अफवा उठतात. रेडिओलहरी जवळजवळ सरळ जातात. १० किलोमीटर उंचीवरचं विमानही साधारण ४०० किलोमीटरनंतर क्षितिजाआड जातं. ते उतरायला लागलं की त्याहून बरंच आधी. नाहीसं होणं म्हणजे आपल्याला ऐकू न येणं, एवढंच.

काही विमानं मात्र आपली जागा प्रसारितच करत नाहीत. जमिनीवरच्या रडारने विचारलं तर फक्त ओळख आणि उंची कळवतात. अशी विमानं शेवटपर्यंत यादीतच राहणार, अँटेना कितीही उंच लावली तरी.