आधी घसा, मग डोंगर

आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत शेजारचा मुलगा रोज संध्याकाळी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. परवा त्याने हाक मारली. "काका, डिले लावला की सगळा गिचका होतो. पेडल बिघडलंय का?" डिले म्हणजे स्वराचे प्रतिध्वनी काढणारं पेडल, पायाने चालू-बंद करायची डबी. पेडल ठणठणीत होतं, त्याची जागा चुकली होती.

अ‍ॅम्पच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या, पोटात दोन विभाग असतात. प्रीअ‍ॅम्प गिटारचा क्षीण सिग्नल वाढवतो आणि गेन (ही वाढ ठरवणारं बटण) चढवला की आवाज फाडतो. रॉकमध्ये हवा असतो तो हाच फाटका आवाज. पॉवर अ‍ॅम्प स्पीकर हलवण्याइतकी ताकद पुरवतो. या दोघांच्या मधोमध पेडल जोडायची सोय म्हणजे इफेक्ट्स लूप. ही सोय असलेल्या बहुतेक अ‍ॅम्पच्या पाठीमागे त्याचे 'सेंड' आणि 'रिटर्न' असे दोन जॅक असतात.

मुलाने डिले गिटारला लागूनच जोडला होता, म्हणजे प्रतिध्वनी आधी तयार होत होता आणि फाटत नंतर होता. येऊरच्या एखाद्या कड्यासमोर ओरडून पाहा. आवाज फाटतो तो घशात, कडा तो फक्त परत पाठवतो. (400 मिलिसेकंदांचा डिले म्हणजे साधारण 70 मीटरवरचा कडा.) परतलेला आवाज पुन्हा घशात शिरत नाही. इथे नेमका तो शिरत होता, कारण अ‍ॅम्पचा घसा म्हणजे प्रीअ‍ॅम्प.

आवाज फाटतो म्हणजे लहरींचे माथे छाटले जातात. एकच स्वर छाटला तर त्याच्या पटीतले स्वर उमटतात, ते कानाला बरे लागतात. दोन स्वर एकत्र छाटले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही उमटतात. 220 हर्ट्झचा प्रतिध्वनी विरण्याआधी 247 हर्ट्झचा स्वर छेडला, तर 467 आणि 27 हर्ट्झही डोकावतात, जे कुणी वाजवलेच नव्हते! शिवाय छाटणी होते ती मोठ्या लाटांची. त्यामुळे विरत जाणारा प्रतिध्वनी मूळ स्वराच्या तोडीस तोड होऊन बसतो.

म्हणून डिले आणि रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखा घुमारा देणारं पेडल) लूपमध्ये. लूप समांतर प्रकारचा असेल, म्हणजे मूळ सिग्नल पेडलच्या शेजारून सरळ पुढे जात असेल, तर पेडलमधला मूळ आवाज पूर्ण बंद ठेवायचा, कारण तो अ‍ॅम्पमधून आपोआप येतच असतो. काही लूपचा सिग्नल पेडलला झेपत नाही, तेव्हा लेव्हलचं बटण शोधावं. आणि पॉवर अ‍ॅम्पच फाटेपर्यंत आवाज चढवला, तर लूपचा फारसा उपयोग नाही.

दोन लांब केबल आणून आम्ही डिले मागे जोडला. प्रत्येक प्रतिध्वनी सुटा ऐकू येऊ लागला. वाह (स्वराला 'वा-वा' असा रंग देणारं पेडल) आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल) मात्र आम्ही गिटारच्या बाजूलाच ठेवले, कारण त्यांचं काम घशाच्या आधीचं.