वाहिनीशोथ : चिकित्सालयीन संशोधन

रक्तवाहिन्यांच्या भित्तींना दाहामुळे येणाऱ्या सुजेला वाहिनीशोथ म्हणतात. भित्ती जाड होऊन वाहिनीचा मार्ग अरुंद होतो किंवा बंद पडतो. काही प्रकारांत ती कमकुवत होऊन फुगते, क्वचित फुटते. मूळ बिघाड बहुतेक वेळा प्रतिरक्षा यंत्रणेचा असतो, म्हणून संधिवाताभ संधिशोथ, ल्यूपस (त्वचा, सांधे, वृक्क अशा अनेक अवयवांना ग्रासणारा रोग) या आत्मप्रतिरक्षा रोगांबरोबर, म्हणजे प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा रोगांबरोबर, याचा विचार केला जातो. कोल्हापूरच्या दवाखान्यांत डॉक्टर ‘व्हॅस्क्युलायटिस’ म्हणतात आणि घरचे लोक ‘रक्ताच्या नसांना सूज’ म्हणतात. हे दुसरे वर्णन शास्त्राला फारसे सोडून नाही.

पहिले वर्णन कोणाचे, याबद्दल एकमत नाही. १८६६ मध्ये कुसमाउल व मायर या जर्मन वैद्यांनी फ्रायबुर्ग येथील २७ वर्षांच्या एका शिंपीकाम करणाऱ्या कारागिराची हकिकत प्रसिद्ध केली. ताप, स्नायूंतील वेदना व झपाट्याने आलेला अशक्तपणा ही त्याची लक्षणे होती. शवविच्छेदनात मध्यम आकाराच्या रोहिण्यांवर (धमन्यांवर) ठिकठिकाणी गाठी आढळल्या. बहुतेक ग्रंथ येथूनच सुरुवात करतात. परंतु व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांनी १८५२ मध्ये अशाच एका रुग्णाची नोंद केली होती. त्यांनी नुसत्या डोळ्यांनी दिसणारे फुगवटे वर्णिले; ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली तपासले नाही. तो जतन केलेला नमुना एपिंगर यांनी १८८७ मध्ये तपासला, तेव्हा रोग तोच असल्याचे दिसून आले. पाहण्याचा मान रोकिटान्स्कींचा आणि ओळखण्याचा कुसमाउल-मायर यांचा, अशी वाटणी करणे अधिक रास्त ठरेल.

आयुर्वेदातील ‘वातरक्त’ म्हणजेच वाहिनीशोथ, असे मत अधूनमधून मांडले जाते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय या रोगाचा आहे. हातापायांपासून सुरू होऊन उंदराच्या विषाप्रमाणे हळूहळू अंगभर पसरणारा, असे त्याचे वर्णन प्राचीन ग्रंथांत येते. तथापि सांध्यांची लक्षणे आणि सुखवस्तू आहाराशी जोडलेला संबंध पाहता बहुतेक अभ्यासक त्याचा मेळ गाउट या सांध्यांच्या विकाराशी घालतात. वातरक्ताच्या काही वर्णनांत त्वचेचे व्रण व बोटांची विकृती येते, म्हणून वाहिनीशोथाच्या मतालाही थोडी जागा उरते. पण एका प्राचीन संज्ञेवर एकच आधुनिक रोग बसवण्याचा आग्रह टाळलेला बरा.

नावांचा प्रश्न विसाव्या शतकातही सुटला नाही. नाक, फुफ्फुस व वृक्क (मूत्रपिंड) यांना ग्रासणाऱ्या एका प्रकाराला दीर्घकाळ जर्मन वैद्य वेगेनर यांचे नाव होते. वास्तविक क्लिंगर यांनी १९३१ मध्ये तसाच रुग्ण वर्णिला होता. वेगेनर यांचे निबंध १९३६ व १९३९ चे. वेगेनर नाझी पक्षाचे सदस्य होते, ही बाब २००६ मध्ये नव्याने चर्चेत आली. २०११ मध्ये अमेरिका व युरोपातील तज्ज्ञ संघटनांनी ‘ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस’ हे नाव सुचवले. ते लांबलचक असल्याने केसपेपरवर ‘जीपीए’ एवढेच लिहितात. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी वेगेनर अजून आहे. वाहिनीच्या आकारमानावरून मोठ्या, मध्यम व लहान वाहिन्यांचा शोथ अशी विभागणी अमेरिकेतील चॅपेल हिल येथील परिषदेत १९९४ मध्ये ठरली व २०१२ मध्ये सुधारली गेली. आजच्या बहुतेक चाचण्या तिच्याच आधारे रुग्ण निवडतात.

संशोधनाला खरी गती मिळाली ती एका रक्तचाचणीमुळे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात आठ रुग्णांच्या रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर चिकटणारी प्रतिपिंडे आढळली. त्या वेळी संशय एका विषाणूवर होता. १९८५ मध्ये या प्रतिपिंडांचा वेगेनर-रोगाशी संबंध दाखवला गेला. ‘अँका’ या नावाने ती आता सर्वपरिचित आहेत. अँका सापडली म्हणजे रोग ठरलाच असे मात्र नाही. क्षयरोग व इतर जंतुसंसर्गांतही ती येऊ शकते. भारतात याला फार महत्त्व आहे. फुफ्फुसात पोकळी, ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त हे चित्र दोन्ही रोगांचे असल्याने जीपीएचा रुग्ण आधी काही महिने क्षयाच्या गोळ्या घेत राहतो, असे घडते. उलट चूक अधिक घातक आहे, कारण क्षय असताना स्टेरॉइड एकटेच दिले तर तो भडकतो.

उपचारपूर्व काळात जीपीएची गती किती वेगवान होती, हे १९५८ च्या एका पाहणीवरून कळते : उपचाराविना सरासरी पाच महिने आयुष्य, आणि वर्षभरात सुमारे ८२ टक्के रुग्णांचा मृत्यू. तोंडाने रोज घ्यावयाच्या सायक्लोफॉस्फमाइड या प्रतिरक्षा यंत्रणेला दाबणाऱ्या औषधाने हे चित्र पालटले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील ८५ रुग्णांच्या १९८३ च्या अहवालात ९३ टक्के रुग्णांचा रोग पूर्ण शमला. पुढे १९९२ मध्ये १५८ रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात त्याची किंमतही दिसली : मूत्राशयाचा कर्करोग, वंध्यत्व, जंतुसंसर्ग. त्यानंतरच्या बहुतेक चाचण्या औषध कमी कसे करता येईल या एका प्रश्नाभोवती फिरतात. १५५ रुग्णांच्या युरोपीय चाचणीने (२००३) रोग शमल्यावर सायक्लोफॉस्फमाइडऐवजी अॅझाथायोप्रिन हे सौम्य औषध चालते असे दाखवले. २०१० मधील १९७ रुग्णांच्या चाचणीत रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या वाटेवर घाव घालणारे औषध सायक्लोफॉस्फमाइडपेक्षा कमी नाही, असे आढळले : सहा महिन्यांनी अनुक्रमे ६४ व ५३ टक्के रुग्ण स्टेरॉइडशिवाय रोगमुक्त होते. रक्तद्रव अदलाबदलीची (रक्तातील द्रव भाग काढून त्याजागी दुसरा भरण्याची) २०२० मधील ७०४ रुग्णांची चाचणी या क्षेत्रात आकाराने मोठी. अदलाबदलीने मृत्यू वा वृक्क निकामी होणे घटले नाही. पण तिच्याच दुसऱ्या भागात स्टेरॉइडची कमी मात्रा तेवढीच गुणकारी ठरली आणि गंभीर जंतुसंसर्ग कमी झाले. आपल्याकडे जंतुसंसर्गाचे प्रमाण पाहता हा दुसरा निष्कर्षच अधिक मोलाचा आहे.

भारतात तरुण स्त्रियांत आढळणारा मोठ्या वाहिन्यांचा प्रकार म्हणजे ताकायासु रोहिणीशोथ. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासु यांनी १९०८ मध्ये २१–२२ वर्षांच्या एका मुलीच्या दृष्टिपटलावर माळेसारखे वाहिन्यांचे जाळे दाखवले. त्याच सभेत ओनिशी व कागोशिमा यांनी अशाच रुग्णांत मनगटाची नाडी लागत नसल्याचे सांगितले. रोगाचे मर्म खरे तर त्यात होते, नाव मात्र ताकायासुंचे राहिले. त्यापूर्वी मोर्गान्यी यांनी १७६१ मध्ये एका चाळिशीतील स्त्रीचे व जपानमध्ये यामामोतो यांनी १८३० मध्ये एका पुरुषाचे तसेच वर्णन केल्याचे दाखले दिले जातात. निदान मात्र मागाहून बसवलेले आहे. क्षयजंतूशी याचा संबंध असावा हे जुने मत भारतात बराच काळ टिकले. रुग्णांत क्षयाचा पूर्वेतिहास आढळतो हा त्याचा आधार. पण ज्या देशात क्षय इतका पसरलेला आहे तिथे असा आढळ निर्णायक मानता येत नाही. एचएलए-बी५२ या आनुवंशिक घटकाशी असलेला संबंध अधिक भक्कम आहे.

जपानी रुग्णांत महारोहिणीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची) कमान व तिच्या फांद्या, तर भारतीय रुग्णांत पोटातील महारोहिणी व वृक्करोहिण्या अधिक बाधित होतात. म्हणून इथे हा रोग वारंवार तरुण वयातील उच्च रक्तदाबाच्या रूपाने समोर येतो. तक्रार साधी असते : धुणे पिळताना हात भरून येतो, वेणी घालताना हात खाली घ्यावा लागतो. तपासणीत डाव्या दंडाला पट्टा बांधला की दाब लागतच नाही, उजव्या दंडाला तो १६० दिसतो. पायात घेतला तर आणखी वेगळा. दोन्ही दंडांतील दाबात पाऱ्याच्या १० मिमी.पेक्षा जास्त फरक हा १९९० च्या वर्गीकरण-निकषांपैकी एक आहे. गर्दीच्या ओपीडीत एकाच हाताचा दाब घेण्याची सवय असते. रोग हुकतो तो बहुधा तिथेच. रोगाची सक्रियता मोजणे अवघड असल्याने भारतीय संधिवाततज्ज्ञांच्या गटाने आयटास २०१० ही गुणपद्धती तयार केली. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

औषधांचे पुरावे मात्र विरळ. ताकायासु रोगात टोसिलिझुमॅब या दाह रोखणाऱ्या औषधाची जपानमधील चाचणी (२०१८) केवळ ३६ रुग्णांची होती आणि मुख्य निकषावर थोडक्यात हुकली. अॅबॅटासेप्ट या दुसऱ्या औषधाने लाभ दिसला नाही. त्याच टोसिलिझुमॅबची वृद्धांतील महाकोशिकी रोहिणीशोथ या मोठ्या वाहिन्यांच्या दुसऱ्या प्रकारावरची चाचणी (२०१७) २५१ रुग्णांची होती व यशस्वी झाली. तो रोग मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. पुरावा जिथे आहे तिथला रोग आपला नव्हे, असे म्हणण्यास जागा आहे.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील सीपीआर, आणि त्याला जोडलेले राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे जिल्ह्याबरोबरच सिंधुदुर्ग व सीमाभागातूनही रुग्ण येतात. जिल्हा पातळीवरील अशा महाविद्यालयांत संशोधनाचे नेहमीचे रूप म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध : मर्यादित मुदत, मिळतील तेवढे रुग्ण, निरीक्षणात्मक मांडणी. औषधाची चाचणी वेगळी. तिची नोंद २० जुलै २००७ पासून सुरू झालेल्या भारतीय चाचणी नोंदवहीत करावी लागते (१५ जून २००९ पासून सक्तीने), आणि तिला २०१९ चे नवे औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम लागू होतात. नीतिसमितीची मान्यता, इजा झाल्यास भरपाई आणि रुग्णाच्या भाषेतील संमतीपत्र बंधनकारक आहे. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घेतात. मराठी संमतीपत्रातील ‘यादृच्छिक वाटप’ हा शब्द कोणालाच कळत नाही. ‘कोणाला कोणतं औषध ते चिठ्ठ्या टाकल्यागत ठरतंय’ म्हटले की लगेच समजते. पुढचा प्रश्न बहुधा ‘मग मला साधी गोळी लागली तर?’ असा असतो, आणि त्याचे उत्तर देणे हाच संमतीचा अवघड भाग आहे. ठरलेल्या दिवशीच फेरी करण्याची अट गळीत हंगामात ऊसतोडणीला गेलेल्या कुटुंबाला जाचक ठरते.

संबंधित रोगांपैकी ल्यूपसमधील वृक्कशोथावर सायक्लोफॉस्फमाइडची अल्पमात्रा-पद्धती युरोपातील ९० रुग्णांच्या चाचणीतून (२००२) पुढे आली : दर पंधरवड्याला ५०० मिग्रॅ. शिरेतून, असे सहा वेळा, एकूण ३ ग्रॅम. औषध स्वस्त आहे आणि रुग्ण सकाळी येऊन संध्याकाळच्या एसटीने घरी जाऊ शकतो.