नेटवर्क फाइल सिस्टिमवरील ईमेल वितरण

आलेला ईमेल वापरकर्त्याच्या मेलबॉक्समध्ये टाकायचा, पण तो मेलबॉक्स मेल सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर नाही, नेटवर्कवरून माउंट केलेल्या, म्हणजे स्वतःच्या डिस्कसारख्या जोडून घेतलेल्या, फाइल सर्व्हरवर आहे, अशी ही व्यवस्था. सन मायक्रोसिस्टम्सने १९८४ मध्ये एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) आणल्यावर ती रुळली. कोणत्याही संगणकावर बसले तरी तीच होम डिरेक्टरी (वापरकर्त्याचे स्वतःचे फोल्डर) आणि तोच मेल, ही सोय मोठी होती.

खरी अडचण लॉकची, म्हणजे एका वेळी एकानेच फाइलमध्ये लिहावे यासाठीच्या कुलपाची. जुन्या एमबॉक्स पद्धतीत सगळी पत्रे एकाच फाइलमध्ये एकाखाली एक असतात. दोन संगणकांनी एकाच वेळी लिहिले, तर पत्रे एकमेकांत मिसळतात आणि हरवलेला मजकूर परत मिळत नाही. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत तर ‘नसेल तरच फाइल बनव’ ही साधी आज्ञाही भरवशाची नव्हती. त्यावरचा तोडगा फार सुंदर आहे: वेगळ्या नावाची तात्पुरती फाइल बनवायची, लॉकच्या नावाने तिची हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरे नाव) करायची आणि सर्व्हरच्या उत्तराकडे न पाहता फाइलचा लिंक-आकडा, म्हणजे तिला किती नावे आहेत, ते तपासायचे. तो २ असेल तर लॉक आपला. कारण लिंक झालेली असूनही सर्व्हरचे उत्तर वाटेत हरवू शकते. मग पुन्हा विचारल्यावर ‘हे नाव आधीच आहे’ असे उत्तर येते.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हर प्रोग्रॅमसाठी आखलेल्या मेलडिर पद्धतीने लॉकच काढून टाकला. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल. ती आधी ‘टीएमपी’ या फोल्डरात पूर्ण लिहायची, डिस्कवर पोचल्याची खात्री करायची आणि मगच ‘न्यू’ या फोल्डरात आणायची. अर्धवट पत्र वाचणाऱ्याला कधी दिसतच नाही. एनएफएससाठी आजही हीच पद्धत पहिली निवडावी.

परवानग्यांचा प्रश्न वेगळा. एनएफएस सर्व्हर सहसा रूटला, म्हणजे संगणकावर सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला, परका समजतो, म्हणून वितरण करणाऱ्या प्रोग्रॅमला त्या वापरकर्त्याची ओळख घेऊनच लिहावे लागते. एएफएस या दुसऱ्या नेटवर्क फाइल सिस्टिमवर तेवढ्याने भागत नाही, तिथे केर्बेरोस या ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेच्या आधारे मिळवलेले टोकन (तात्पुरता परवाना) लागते.

फाइल सर्व्हर बंद असताना होणारी चूक सर्वांत घातक. होम डिरेक्टरी माउंट नाही, म्हणून ‘असा वापरकर्ता नाही’ असे ठरवून पत्र परत पाठवणे हा पत्र पाठवणाऱ्यावर अन्याय आहे. अशा वेळी प्रोग्रॅमने ७५ हा एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा), म्हणजे ‘तात्पुरती अडचण’, द्यायला हवा. मग पत्र रांगेत थांबते. किमान ४-५ दिवस प्रयत्न करत राहावे, असे एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या पद्धतीचे मानकच सांगते.