इसब, पथ्य आणि बोटाच्या पेराएवढं मलम

बाळाच्या गालांवर लालसर, खरखरीत चट्टे दिसले की घरात पहिला संशय जातो खाण्यावर. आईचं वांगं बंद, मग बाळाचं अंडं बंद, मग दूध. खाज काही थांबत नाही. थांबणार कशी? लहान मुलांचा इसब, म्हणजे अटोपिक डर्माटायटिस, मुळात कातडीचा आजार आहे. काही मुलांना, विशेषतः इसब तीव्र असेल तर, एखाद्या पदार्थाची ॲलर्जीही असते. पण ती तपासल्याशिवाय पदार्थ तोडत गेलं तर मूल अशक्त होतं, एवढंच.

2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषामुळे इसबाची शक्यता बरीच वाढते. कातडीचा वरचा थर घट्ट आणि ओलसर राहतो तो या प्रथिनामुळे. ते कमी पडलं की आतला ओलावा उडून जातो आणि साबण, धूळ, जंतू आत शिरतात. दाह होतो, खाज सुटते, मूल खाजवतं, कातडी आणखी फाटते.

म्हणून पहिलं औषध म्हणजे मॉइश्चरायझर. आंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटांची. डाळीचं पीठ चोळणं बंद, शेगडीची धुरीही बंद. अंग टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि ते जरा ओलं असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. किती? ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, मुलाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम. आपल्याकडे 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग म्हणतात, गुण येत नाही! महागडंच हवं असं नाही. साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली चालते. घाण्याचं शुद्ध खोबरेल तेलही बऱ्याच मुलांना मानवतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र टाळावं.

चट्टे लाल होऊन पेटले की स्टेरॉइड मलम लागतं, आणि इथे आईवडील कचरतात. भीती अगदीच खोटी नाही. औषधाच्या दुकानातून सल्ल्याशिवाय आणलेल्या, तीन-चार औषधं एकत्र केलेल्या मलमांत बरेचदा फार तीव्र स्टेरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते. पण डॉक्टरांनी दिलेलं सौम्य मलम भीतीपोटी पुसटसं लावलं तर दाह धुमसत राहतो. माप सोपं आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्यांच्या दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. चट्टा गेल्यावरही, पुन्हापुन्हा उठणाऱ्या जागी आठवड्यातून दोनदा मलम लावत राहायला डॉक्टर कधी कधी सांगतात. ते चुकून सांगितलेलं नसतं, मुद्दाम सांगितलेलं असतं.

पिवळी खपली धरली, पू आला तर जंतुसंसर्ग समजावा आणि डॉक्टरांना दाखवावं. एकसारख्या बारीक फोडांचे पुंजके अचानक उठले, ठणकायला लागले, सोबत ताप आला, तर तो नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.