अलाइनर लावल्यावर तोंडात नक्की काय चालतं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं दुकान आहे. म्हणजे फाउंड्रीत ज्या पार्टचं कास्टिंग काढायचं, त्याची आधी लाकडाची नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची हुबेहूब प्रतिकृती करायची, तिच्याभोवती वाळू दाबायची, प्रतिकृती अलगद काढून घ्यायची आणि राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. हे सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी माझ्या दातांना अलाइनर, म्हणजे वाकडे दात सरळ करायचे, हातानं काढता-घालता येणारे पातळ प्लास्टिकचे साचे, लागले आणि ते कसे बनतात हे बघितल्यावर मला पहिल्या दिवसापासून हे आपल्याच धंद्यातलं काम वाटलं. पण दात सरकायला लागल्यावर कळलं की प्लास्टिकचं काम यात थोडंच आहे, खरं काम आपलं हाड करतंय. ते आधी समजलं असतं तर सुरुवातीचे दोन महिने मी जरा शांतपणे काढले असते, म्हणून हे लिहितोय.

माझं वय ३६. खालचे समोरचे चार दात एकमेकांवर चढलेले, मधल्या फटीत ब्रश पोचायचा नाही, कीटण साचायचं आणि हिरड्यांतून रक्त यायचं. राजारामपुरीतल्या ऑर्थोडॉन्टिस्ट मॅडमकडे गेलो. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे बीडीएस झाल्यावर पुढची तीन वर्षं फक्त दात आणि जबडे जागेवर आणायचं शिकून एमडीएस झालेले डॉक्टर, आणि अलाइनर लावणारा माणूस हे शिकलेला आहे का, हा पहिला प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका. मॅडमनी आधी दात बघितलेच नाहीत, हिरड्या बघितल्या. हिरडीला सूज असताना आणि खालचं हाड झिजत असताना दात सरकवायला घेतला तर हाड अजून जातं, म्हणून आधी दात साफ करून घेतले, हिरड्या बऱ्या होईपर्यंत थांबवलं. मग दोन एक्सरे, एक सगळ्या जबड्याचा आणि एक चेहऱ्याच्या बाजूचा, म्हणजे मुळं कुठं आहेत, हाड किती आहे ते कळतं. तंबाखू, गुटखा, सिगारेट यातलं काही असेल तर खरं सांगायचं, लपवून आपलंच नुकसान.

माप घ्यायला पूर्वी तो चिकट गोळा तोंडात दाबून बसायला लागायचं, आता जाड पेनासारखा स्कॅनर दातांवरून फिरवतात आणि स्क्रीनवर आपला जबडा उभा राहतो. मग कॉम्प्युटरवर डॉक्टर ठरवतात की कुठला दात कुठं जायचा, आणि आजच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतच्या प्रवासाचे तुकडे पाडतात. एका तुकड्यात एक दात जास्तीत जास्त साधारण पाव मिलीमीटर सरकतो. फॅब्रिकेशनवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एका सुताचा जवळपास बारावा-तेरावा भाग. प्रत्येक तुकड्याचं एक मॉडेल थ्रीडी प्रिंटरवर छापतात, त्याच्यावर पॉलियुरेथेन किंवा पीईटीजीसारख्या प्लास्टिकची पातळ शीट गरम करून ओढून बसवतात, कडा कापतात, झाला अलाइनर. मला २२ जोड लागणार होते, म्हणजे वरचे आणि खालचे मिळून ४४ पॅटर्न. आमच्याकडं एका पार्टचा एकच पॅटर्न असतोय, आणि इथं पार्ट दर दहा दिवसांनी बदलणार म्हणून पॅटर्नही बदलणार.

कल्पना तशी जुनी. रबरी पोझिशनर घालून दात हळूहळू जागेवर आणायचं अमेरिकेतल्या हॅरोल्ड केसलिंग यांनी १९४५ मध्येच मांडलं होतं, पण तेव्हा प्रत्येक टप्प्याचं मॉडेल हातानं करायचं म्हणजे कुणाला परवडणार. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी कंपनी काढली, दोघंही दातांचे डॉक्टर नव्हेत. चिश्तींनी मोठेपणी दातांना तारेच्या ब्रेसेस लावल्या होत्या, नंतर दात जागेवर धरून ठेवायला दिलेला रिटेनर घालायचं राहिलं की दात सरकायचे आणि परत घातला की जागेवर यायचे, त्यावरून त्यांना वाटलं की जे प्लास्टिक दात धरून ठेवतंय ते सरकवू पण शकेल. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, तिथल्या सरकारी यंत्रणेची परवानगी मिळाली आणि इनव्हिजलाइन आलं. आता बऱ्याच कंपन्यांचे अलाइनर मिळतात.

आता हाडाची गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती बारीक धाग्यांचा एक थर असतो, पेरिओडॉन्टल लिगामेंट, त्याची जाडी कुठं कमी कुठं जास्त पण साधारण पाव मिलीमीटरच. दात या धाग्यांत टांगल्यासारखा असतो, म्हणून तर कडक चिक्की चावली तरी हाडाला धक्का बसत नाही. अलाइनरचा आकार दाताच्या आत्ताच्या जागेपेक्षा थोडा पुढचा, म्हणून घातला की प्लास्टिक ताणलं जातं आणि परत आपल्या आकारात यायला बघतं, त्यात दाताला सावकाश रेटा मिळतो. ज्या बाजूला दात दाबला जातो तिथला थर चेपतो, रक्त कमी पोचतं, रासायनिक निरोप जातात आणि तिथं हाड विरघळवणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, कामाला लागतात. मागच्या बाजूला धागे ताणले जातात, तिथं हाड बांधणाऱ्या पेशी, ऑस्टिओब्लास्ट, नवीन हाड भरतात. पुढं उकरायचं, मागं भरायचं, आणि मधून दात पुढं. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्याच्या दातांना तार बांधून मायक्रोस्कोपखाली हेच बघितलं होतं.

आणि इथंच घाई का चालत नाही ते कळतं. रेटा जास्त झाला तर थरातलं रक्त पूर्णच बंद होतं, तो भाग काचेसारखा निर्जीव होतो, समोरून हाड खाणाऱ्या पेशींना कामच करता येत नाही आणि दात सरकायचा थांबतो. हाडाच्या आतल्या बाजूनं शरीर तो भाग साफ करेपर्यंत वाट बघायची. म्हणजे जोर वाढवला की वेग वाढतो हे आमच्या प्रेसला खरं असेल, दाताला खोटं. म्हणून पाव-पाव मिलीमीटर, म्हणून सात ते चौदा दिवसांनी नवा जोड, आणि म्हणूनच कुणी म्हणालं लवकर बदल रे, काय होतंय, तर ऐकायचं नाही.

तासांचं पण तसंच. दिवसाला २० ते २२ तास. पेशींना जागं करायलाच काही तास सलग दाब लागतो, पुस्तकांत हा आकडा चार ते सहा तासांच्या आसपास देतात, आणि अलाइनर काढून ठेवला की दात मागं जायला लागतो. सकाळी नाश्त्याला काढला तो दुपारपर्यंत खिशातच राहिला, असं चार दिवस झालं की पुढचा जोड नीट बसत नाही. तो बसला नाही की दाताच्या टोकाला आणि प्लास्टिकला मधे मोकळी हवा दिसते, आरशात बघून हे ओळखायला शिका. डॉक्टर चघळायला एक मऊ नळकांडीसारखा तुकडा देतात, तो दिवसातून थोडा वेळ चावायचा म्हणजे अलाइनर पूर्ण खाली बसतो.

कोल्हापुरात २२ तास म्हणजे काय, ते दोन तासांचा हिशोब मांडल्यावर कळतं. दोन जेवणं, नाश्ता, प्रत्येक वेळेनंतर ब्रश, दोन तास संपले. आणि दुकानात चहा चार वेळा यायचा. अलाइनर घालून चहा प्यायचा नाही, एक तर गरम चहानं प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि पाव मिलीमीटरच्या हिशोबात तेवढं बिघडणं पण खूप झालं, दुसरं म्हणजे साखर आत अडकते. हे साखरेचं जरा नीट ऐका. एरवी लाळ दात धुवत असते, आम्ल कमी करत असते. अलाइनरखाली लाळ पोचत नाही. उसाचा रस अलाइनर घालून प्यायलात तर तो दाताला चिकटून आत बसून राहतो, जंतू त्याचं आम्ल करतात, पीएच साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि सरळ झालेल्या दातांवर पांढरे डाग राहतात. अलाइनर घालून फक्त साधं पाणी. मी चहा नाश्त्याबरोबर एकदाच ठेवला, बाकीचे तीन सोडले, पहिला आठवडा जड गेला मग सवय झाली.

मिसळ खायला काहीच अडचण नाही, ब्रेसेसच्या तारेपेक्षा हाच मोठा फायदा, काढायचं आणि बिनधास्त खायचं. पण काढून ठेवायचं कुठं? मी पहिल्याच आठवड्यात मिसळ खाताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवले. पोऱ्यानं ताट उचललं, टिश्यूसकट बादलीत. रश्श्याच्या खरकट्यात हात घालून ते शोधले, खालचा अलाइनर सापडला, वरचा मोडलेला निघाला. लगेच मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, "घाबरू नका, आधीचा जोड टाकला नाहीत ना? तो घाला, उद्या दाखवायला या." म्हणून सांगतो, आधीचा जोड कधीच टाकू नका, आणि डबी कायम खिशात. खाऊन झाल्यावर ब्रश जमला नाही तर निदान खळखळून चूळ भरायची. हळद आणि तांबड्या रश्श्याचा रंग प्लास्टिकला लगेच धरतो. अलाइनर धुवायला गार पाणी आणि मऊ ब्रश, टूथपेस्ट नको, तिनं बारीक ओरखडे पडून धूसर दिसायला लागतो.

दुखतं का? नवा जोड घातला की दोन-तीन दिवस दात अवघडतात, भाकरी तोडताना जाणवतं, मग जातं. मी नवा जोड रात्री झोपताना घालायचो, निम्मं झोपेतच निघून जायचं. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, कारण आयबुप्रोफेनसारख्या सूज घालवणाऱ्या गोळ्या ज्या रसायनांना अडवतात त्यांचीच दात सरकण्यासाठी गरज असते, म्हणून बरेच डॉक्टर पॅरासिटामॉल सुचवतात. कडा गालाला घासल्या तर सांगायचं, घासून देतात. पहिले काही दिवस लाळ जास्त येते आणि स, श जड होतात. "शिवाजी उद्यमनगर" फोनवर तीनदा सांगायला लागायचं. घरी मुलीच्या पुस्तकातले धडे मोठ्यानं वाचले, आठवड्यात जीभ वळली.

दोन गोष्टी आधी कुणी सांगत नाही. एक, दातांवर बारीक उंचवटे चिकटवतात, अटॅचमेंट म्हणतात, दाताच्याच रंगाच्या मटेरियलचे. गुळगुळीत दाताला प्लास्टिक धरणार कुठं, म्हणून ही पकड, चपट्या पान्यानं गोल रॉड फिरवायचा म्हटला तर घसरतो तसंच. उपचार संपले की घासून काढतात. दुसरं म्हणजे गर्दी असेल तर दोन दातांच्या मधे बारीक पट्टी फिरवून जागा करतात, एका सांध्याला जास्तीत जास्त साधारण अर्धा मिलीमीटर, म्हणजे एका दाताचं पाव मिलीमीटर. आवाज ऐकून पोटात गोळा येतो पण दुखत नाही, कारण इनॅमलमध्ये नसा नसतात.

आणि कॉम्प्युटरवर जे दिसतं ते सगळं तसंच्या तसं होत नाही. समोरच्या दातांची ठरवलेली हालचाल प्रत्यक्षात किती झाली ते २००९ मध्ये मोजलं तेव्हा सरासरी ४१ टक्के निघाली, २०२० मध्ये सगळ्याच दातांची मोजली तेव्हा ५० टक्के. सुळ्यासारखा गोल दात जागच्या जागी फिरवणं, दात हाडातून बाहेर ओढणं, दात काढून मोठी जागा बंद करणं, ही कामं प्लास्टिकला जड जातात, आणि अशा केसमध्ये डॉक्टर तारेच्या ब्रेसेसच सुचवत असतील तर ते तुमच्या भल्याचंच आहे. म्हणूनच पहिले जोड संपल्यावर परत स्कॅन करून जादा जोड देतात, त्याला रिफाइनमेंट म्हणतात. माझे २२ झाल्यावर एक सुळा थोडा वाकडाच राहिला होता, मी नाराज झालो, मग अजून नऊ जोड लागले. हे बहुतेकांना लागतंच, त्यामुळे पैसे भरायच्या आधीच विचारून घ्या की रिफाइनमेंट आणि शेवटचा रिटेनर यात धरलाय का. कुणी तोंड न बघता, एक्सरे न काढता नुसत्या मापावर घरपोच जोड पाठवतो म्हणाला तर नको म्हणा. हाड आणि मुळं बघितल्याशिवाय दात हलवायचा नसतो.

अकरा महिन्यांत माझं झालं. अटॅचमेंट काढल्या त्या दिवशी दात इतके गुळगुळीत लागत होते की जीभ सारखी तिथंच जायची. पण मॅडमनी लगेच रिटेनर हातात दिला. मुळाभोवतीचे धागे नव्या जागेशी जुळायला तीन-चार महिने घेतात आणि हिरडीतले धागे तर वर्षभर ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागेकडं ओढत असतात. वर वय वाढेल तशी खालच्या समोरच्या दातांत गर्दी वाढायची असतेच, ज्यांनी कधी काही लावलं नाही त्यांच्याही. सुरुवातीचे महिने दिवसरात्र, मग फक्त रात्री, आणि रात्रीचं कधी बंद करायचं हे मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "दात सरळ हवेत तोपर्यंत."

चैत्रात जोतिबाला गेलो तेव्हा डबी घरीच राहिली, दोन रात्री रिटेनर नव्हता. तिसऱ्या रात्री घातला तर खालच्या समोरच्या चार दातांवर घट्ट बसला, थेट नव्या जोडाच्या पहिल्या रात्रीसारखा, आणि सकाळी उठलो तेव्हा परत सैल झाला होता.