ब्लॅक बॉक्स फक्त अपघातानंतरच?

ओझर विमानतळावर कुणाला सोडायला गेलं की हे ऐकू येतंच: ‘ब्लॅक बॉक्स काय, विमान पडल्यावर उघडायचा. छोट्या चार्टर (भाड्याने घ्यायच्या) विमानाला कशाला?’ दोन्ही चूक.

ब्लॅक बॉक्स उड्डाणाचे आकडे नोंदवतो. त्या नोंदींचा खरा उपयोग विमान सुखरूप उतरल्यावरही असतो. उतरताना वेग जास्त होता का, धावपट्टीला टेकायला उशीर झाला का, हे दर उड्डाणाच्या आकड्यांतून कळतं. तोच दोष पुन्हापुन्हा दिसला की प्रशिक्षण सुधारता येतं. (वैमानिकाला पकडायला वापरलं, तर मात्र सगळं मुसळ केरात.)

२०१५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन इथे चार्टर जेट उतरताना कोसळून ९ जण गेले. त्यानंतर तिथल्या तपास मंडळाने चार्टर कंपन्यांनाही रेकॉर्डर बसवणं आणि उड्डाणांच्या नोंदी अशा नियमित तपासणं सक्तीचं करण्याची शिफारस केली. आंतरराष्ट्रीय नियमांत नोंदींच्या या नियमित तपासणीची सक्ती २७,००० किलोंवरच्या विमानांना आहे. छोट्यांना मनाई थोडीच आहे? हलके रेकॉर्डरही मिळतात.