गॅसचा वास आणि नाकातलं क्लोराइड

सिलिंडर संपत आला की स्वयंपाकघरात गॅसचा वास जास्त येतो, आणि 'तळाला घाण राहिली असेल' असं घरोघरी ठरवून टाकलं जातं. घाणीचा इथे काही संबंध नाही. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, आणि त्यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. वास असतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टन या गंधकयुक्त द्रव्याचा. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या आसपास, मरकॅप्टन मात्र 35 अंशांना. आधीचे दोघे भराभर निघून जातात, मरकॅप्टन मागे रेंगाळतो, म्हणून शेवटी शेवटी त्याचं प्रमाण वाढतं.

हा वास घालायचं शहाणपण महागात पडून आलं. 18 मार्च 1937 रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेखाली साठलेल्या बिनवासाच्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. सुमारे 300 जण गेले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर गॅसला वास देणं सक्तीचं झालं.

मरकॅप्टनच का? हवेच्या अब्जभर रेणूंमध्ये त्याचा एखादा असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. गॅस पेट घेतो तो हवेत साधारण 2 टक्के झाल्यावर, म्हणजे नाक त्याच्या कितीतरी आधी ओरडतं. हे कसं जमतं, तो भाग फार सुंदर आहे.

नाकाच्या छताला, दोन डोळ्यांच्या मधोमध, काही चौरस सेंटीमीटरचं अस्तर असतं. त्यातल्या लाखो चेतापेशींचे केसासारखे तंतू शेंबडाच्या पातळ थरात बुडालेले असतात आणि त्यांच्यावर वास पकडणारी प्रथिनं, म्हणजे ग्राही, बसलेली असतात. माणसात ग्राहींचे सुमारे 400 प्रकार आहेत आणि सहसा एका पेशीवर एकच प्रकार असतो. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली शोधली. 2004 चं नोबेल त्यासाठीच मिळालं. मरकॅप्टनसारखे छोटे गंधकी रेणू पकडणाऱ्या ओआर2टी11 या ग्राहीला तर तांब्याच्या आयनाची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूची, मदत लागते.

रेणू ग्राहीला चिकटला की पेशीच्या आत सीएएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार होतो. तो पेशीच्या आवरणातली दारं उघडतो आणि धनभाराचे सोडियम, कॅल्शियम आत शिरतात. आत वाढलेला हा धनभारच पेशीला चेतवतो. पण हा प्रवाह अगदी तुटपुंजा असतो. आत आलेलं कॅल्शियम मग दुसरं दार उघडतं, क्लोराइडचं. एरवी मेंदूतल्या बहुतेक प्रौढ चेतापेशींत क्लोराइड आत कमी असतं. दार उघडलं की ते आत येतं आणि पेशी शांत होते. वासाच्या पेशीचा कारभार उलटा. ती क्लोराइड आधीच पंपाने आत भरून ठेवते. दार उघडताच ऋणभाराचं क्लोराइड बाहेर पडतं, म्हणजे पेशीच्या हिशेबात धनभार वाढला. चिमुकला इशारा कितीतरी पट मोठा होतो, आणि तोही आतल्या साठ्यावर. शेंबडातल्या क्षारांचं प्रमाण सतत बदलतं, त्यावर सगळी भिस्त ठेवावी लागत नाही. 2011 मध्ये हे क्लोराइडचं दारच नसलेले उंदीर तयार केले, तर तेही वास ओळखत होते, त्यामुळे या वर्धनाची नेमकी गरज किती, हा वाद रंगला. मला त्यामुळे ही यंत्रणा आणखीच आवडते.

आता धोक्याची गोष्ट. जे कॅल्शियम इशारा मोठा करतं, तेच कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरून पहिलं दार सीएएमपीला दाद देईनासं करतं. त्यात मेंदूही सवयीच्या वासाकडे कानाडोळा करतो. काही मिनिटांत वास 'जातो', पण गॅस तिथेच असतो.

वास आला की शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं बटण, एक्झॉस्ट फॅन, काहीही चालू किंवा बंद करू नका. बटणातली ठिणगी पुरते. एलपीजी हवेहून जड, तो फरशीलगत साठतो. बाहेर जा आणि तिथून 1906 ला फोन करा. एरवी गळतीचा नुसता संशय असेल तर रेग्युलेटरचा सांधा आणि नळीची दोन्ही टोकं यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे फुगले की गळती तिथेच. काडी पेटवून कधीही पाहू नका. नळी दर 5 वर्षांनी बदला.

सर्दीत नाकावर विसंबू नका. बाम चोळला की नाक उघडल्यासारखं वाटतं, पण मेंथॉल फक्त थंडाव्याचे संवेदक चेतवतं. वाट तेवढीच अरुंद राहते आणि हवा छतापर्यंत पोचत नाही. 2021 मध्ये कोविडच्या साथीत कापूर-ओवा-लवंगेची पोटली हुंगून ऑक्सिजन वाढतो, असे निरोप फिरले. ते साफ खोटे होते आणि त्या भरवशावर रुग्णालयात जायला उशीर करणं जिवावर बेतणारं होतं. त्याच साथीत अनेकांचा वास गेला, कारण विषाणू चेतापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत शिरतो. काहींचा तो पुरता परतलेला नाही. अशा घरात, किंवा म्हातारी माणसं एकटी राहतात तिथे, गॅस डिटेक्टर लावा: सिलिंडर असेल तर फरशीपासून वीतभर वर, पाइपचा गॅस असेल तर छताजवळ, कारण त्यातला मिथेन हवेहून हलका, तो वर चढतो.